रविवारचा वाटा

आधी ती तुमचा हात धरायची, तळवा वर करायची, त्यावर कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ठेवायची आणि मग तुमची बोटं एकेक करून स्वतःच मिटायची. मोठ्या माणसाला मूठ मिटता येते यावर तिचा विश्वास नव्हता.

"हा तुझा वाटा," म्हणायची. "आणि हा नवऱ्याचा. त्याचा तू खाऊ नकोस."

रुमालात असायची पोळी. पोळी म्हणजे काय, पापडाहून पातळ, पांढरी, बेचव, दोन बोटांएवढा तुकडा. रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की दारात हे तुकडे वाटतात. आलेल्यांनी आपापला घ्यायचा आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा त्यांच्या घरी पोचवायचा. आर्मेनियन भाषेत त्याला जो शब्द आहे त्याचा अर्थच 'वाटा'. आपल्याकडे सत्यनारायणाला न आलेल्या शेजारणीकडे द्रोणातून शिरा पाठवतात, तसंच. शिऱ्यात तूप असतं, एवढा फरक सुरुवातीला मला फार जाणवला.

ॲन आर्बरला आम्ही घर घेतलं तेव्हा ती शेजारच्या घरात तीसेक वर्षं राहत होती. जन्म सीरियातल्या हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, आर्मेनियन कुटुंबातला. लग्न होऊन नवऱ्याबरोबर मिशिगनला आली, त्यानं मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जन्म काढला आणि आम्ही येण्याआधीच तो वारला. एकुलता एक मुलगा ॲरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिची पंचाहत्तरी जवळ आलेली, उंची माझ्या खांद्याएवढी. आमच्या रस्त्यावरचे सगळे तिला मेझमामा म्हणत, म्हणजे आजी.

माझं माहेर तासगावचं. वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे करायला जीभ वळत नाही. त्यामुळे पहिले काही महिने मनातल्या मनात मी 'त्या आल्या, त्या म्हणाल्या' असंच करत होते. मग एकदा त्या न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि आत काय शिजतंय ते बघायला शिट्टीवर आलेल्या कुकरच्या झाकणाला हात घातला. मी किंचाळले. तेव्हापासून ती 'ती' झाली. आजी कुठे अहोजाहोतली असते?

तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे ती होती त्याहून सफाईदार बोलताना दिसेल. एक शब्द मात्र तसाच ठेवते, कारण तो आमच्या घरातही शिरला. 'अमोत'. म्हणजे लाज. बाजारचा ब्रेड आणला, अमोत. पाहुणा आला आणि त्याला विचारलं की काही घेणार का, अमोत, कारण विचारायचं नसतं, समोर ठेवायचं असतं. फादरचं प्रवचन लांबलं आणि तेवढ्यात खाली किचनमधल्या भाताचा गिचका झाला, तर फादरनासुद्धा अमोत. माझी मुलगी अजूनही फ्रिज उघडा राहिला की स्वतःला अमोत म्हणते.

तिच्या गाडीनं एक दिवस रिव्हर्स घेताना आमचा मेलबॉक्स पाडला. मुलानं चँडलरहून फोनवर फोन करून तिच्याकडून गाडी विकायला लावली. पुढच्याच शनिवारी ती माझ्या दारात उभी.

"उद्या नऊला निघायचं. घरून जेवून येऊ नकोस, तिथे जेवण असतं."

ही विनंती नव्हती. चर्च डेट्रॉइटच्या बाजूला, पाऊण तासावर. त्या दिवसापासून बहुतेक रविवार मी तिची ड्रायव्हर झाले. सुरुवातीला कुरकुर केली, खोटं कशाला बोलू? आठवडाभर लॅबमध्ये उभं राहायचं आणि रविवारी पुन्हा गाडी हाकायची. पण दोन-तीन महिन्यांत चर्चच्या तळघरातल्या किचनची मला गोडी लागली. वर प्रार्थना चालू असायची आणि खाली बायका कोबी चिरत असायच्या. महिला मंडळ जगात कुठेही जा, सारखंच असतं. दोघी काम करतात, चौघी सांगतात आणि एक कायम रुसलेली असते. मेझमामा करणाऱ्यांतही होती आणि सांगणाऱ्यांतही. चर्चला येणारी माणसं पन्नास-साठ, त्यांतल्या निम्म्यांच्या हातात काठी. मीठ किती, भांडं कुठलं, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला डबा जायचा आहे, सगळं हिच्या डोक्यात.

एका जूनमध्ये मी तिच्यासाठी द्राक्षांची पेटी नेली. माहेरचा धंदाच द्राक्षांचा, तेव्हा भेट म्हटली की मला द्राक्षंच सुचतात. तिनं पेटी बघितली आणि हात पाठीमागे नेला. ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला फादर द्राक्षांवर प्रार्थना म्हणतात, तोपर्यंत ती द्राक्ष तोंडात घालत नसे. देवापुढे ठेवल्याशिवाय नवा आंबा न खाणाऱ्या काकू मी पाहिल्या होत्या, तेव्हा मला हे लगेच कळलं. ऑगस्टमध्ये ती चर्चमधून एक घड घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

"आता खा."

माहेरच्या द्राक्षांपुढे ती आंबट होती. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा मला कधीच साथ देत नाही.

"अमोत," ती म्हणाली.

द्राक्षांइतकीच तिला पानंही लागायची. भात भरून गुंडाळायला. मिशिगनमध्ये रस्त्याच्या कडेला कुंपणांवर रानद्राक्षाचे वेल माजतात. एकदा माझा नवरा गाडी चालवत असताना ती मागून ओरडली, "थांब!" त्याला वाटलं हरीण आडवं आलं. गाडी थांबते न थांबते तोच ती पिशवी घेऊन खाली उतरलीसुद्धा.

"अगं, तिला आत बोलव यार," नवरा म्हणाला. "हायवे आहे हा. पोलीस आला तर तिकीट मिळेल."

पोलीस आलाच. मागे दिवे लावून गाडी उभी केली, उतरला, काय चाललंय म्हणून विचारायला गेला. आम्ही काचेतून बघतोय, तर तिनं पिशवीचं तोंड त्याच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी पानं खुडायला लागली. पाचेक मिनिटं तो तरणाबांड शिपाई पिशवी धरून उभा होता. परतताना मी तिला सांगितलं, "आमच्या बागेत छाटणीची पानं शेळ्यांपुढे टाकतात."

"शेळ्या शहाण्या आहेत," ती म्हणाली.

सासूबाई आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या, तेव्हा साहजिकच त्यांचाही वाटा सुरू झाला. सासूबाईंपुढे पेच. चर्चचं आहे, खायचं कसं? देवाचं आहे, टाकायचं कसं? त्यांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. स्टीलची एक डबी घेतली, देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आणि दर रविवारचा तुकडा त्या डबीत जाऊ लागला. मला हे माहीत होतं. मी गप्प राहिले, कारण सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा गप्प राहणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

एक दिवस मेझमामा आली असताना सासूबाईंनी कौतुकानं तिला देव्हारा दाखवला. मग डबी उघडून दाखवली. बघा, तुमचं किती जपून ठेवलंय! वीस-बावीस तुकडे होते. मेझमामाचा चेहरा पडला. ती माझ्याकडे वळली.

"हिला सांग, वाटा ठेवायचा नसतो. न खाल्लेला वाटा म्हणजे ही आमच्याकडे कधी आलीच नाही."

मी सांगितलं. सासूबाईंनी डबी उचलून टेबलावर आणली. मग म्हणाल्या, "असं होय? मग चहा टाक." आणि त्या दोघी टेबलाशी समोरासमोर बसून चहात बुडवून सहा महिन्यांचे रविवार खाऊन मोकळ्या झाल्या. तुकड्यांना कुंकवाचा वास लागला होता, तरी एकही उरला नाही.

एवढी माया करणारी बाई. पण आता जे सांगते आहे तेही तिचंच आहे.

दर सोमवारी चँडलरला एक पाकीट जायचं. मेणकागदात तुकडे, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, म्हणजे टपालात चुरा होऊ नये. तिचा हात कापायचा म्हणून पत्ता मी लिहायची. पाकिटात तीन तुकडे. मुलाचा, नातीचा, नातवाचा. वर्षभर पत्ते लिहिल्यावर मी न राहवून विचारलं, "घरात चार माणसं आहेत ना?"

"ती ओदार आहे," मेझमामा म्हणाली. ओदार म्हणजे परकी, आपल्यातली नसलेली. मुलाची बायको अमेरिकन होती. कॉलेजात ओळख झाली आणि दोघांनी कोर्टात लग्न केलं, चर्चमध्ये नाही. या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली होती. सून हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ओदार, नाहीतर 'मुलांची आई'.

"मग आम्ही कोण?" मी म्हटलं. "आम्ही तर ख्रिश्चनसुद्धा नाही."

"तुम्ही शेजारी. शेजारी देव देतो. तिला माझ्या मुलानं आणली."

मला राग आला. माझी मुलगी इथेच वाढते आहे. उद्या तीही कुणाच्या तरी घरी ओदार म्हणूनच जाईल, आणि तिचा वाटा कुणी पाकिटात घालणार नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे दोन रविवार मी गाडीत तोंड मिटून बसले. मेझमामा शेजारी बसून पिस्ते सोलत होती. सोललेले अर्धे माझ्या बाजूला ठेवत होती. माझा अबोला तिच्या ध्यानातही आला नाही.

मुलाचं एकच टुमणं असायचं. आई, इकडे ये. इथे बर्फ नाही, घसरून पडायची भीती नाही, नातवंडं आहेत. ती एका थंडीत दारातच पडली, मनगट मोडलं, तरी हलायचं नाव घेईना. मला वाटायचं, ओदारच्या घरात राहायचं नाही म्हणून. खरं कारण तिनं मला गाडीत सांगितलं, पिस्ते सोलता सोलताच.

हलबला तिचं लहानपणीचं चर्च होतं. तिचे वडील सहा वर्षांचे असताना सगळं घरदार मागे तुर्कस्तानात मारलं गेल्यावर वाळवंट तुडवत तिथे आले होते आणि त्याच चर्चच्या ओसरीत वाढले होते. तिचं नाव तिथे ठेवलं, लग्न तिथे लागलं. निघताना वडील म्हणाले होते, चर्च सोडून चाललीस. मग कितीतरी वर्षांनी तिथे लढाई झाली आणि ते चर्च पडलं. मुलानं तिला फोनवर फोटो दाखवला होता.

"मी सोडलं आणि ते पडलं," ती म्हणाली.

"मेझमामा, ते तोफांनी पडलं."

"तुला काय माहीत? हे सोडलं तर हेही पडेल."

मी हसून घालवायला गेले आणि तिच्याकडे बघून हसू गिळलं. ती मनापासून बोलत होती. घरच्यांच्या नावानं दर सोमवारी पाकीट पाठवणारी ही बाई घरच्यांकडे जात नव्हती, कारण तिच्या मते ते छप्पर तिच्यामुळे उभं होतं.

मग एका फेब्रुवारीत ती चालू फोन हातात धरून आमच्याकडे आली. "हा काय सांगतोय ते नीट समजून घे," म्हणाली. मी फोन स्पीकरवर टाकला. त्याच्या बायकोला कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं होतं, आता सहा महिने किमो. मुलं चौदा आणि अकरा वर्षांची. त्याच्या शिफ्ट. तो अगदी हळू, कागदावरचं वाचून दाखवावं तसं सांगत होता. शेवटी म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस. आम्ही मॅनेज करतो."

या वेळी तो 'ये' म्हणाला नाही. ते माझ्या लक्षात आलं, तिच्याही आलं असणार.

तिनं एकच विचारलं. "ती खाते का?"

"ऑपरेशन झाल्यापासून नाही, आई. पोटात काही ठरत नाही."

तो रविवार नेहमीसारखा गेला. सोमवारी ती पाकीट घेऊन आली, मी पेन काढलं आणि मेणकागदाची घडी नीट करायला गेले. आत चार तुकडे होते. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"जास्त बोलू नकोस," ती म्हणाली. मी पत्ता लिहायला घेतला, तर तिनं पाकीट माझ्या हाताखालून ओढून घेतलं. "पत्ता नको. टपालानं उशीर होतो. मीच नेते. तिकीट काढ."

तीन वर्षं जे मुलाला जमलं नाही ते चार दिवसांत झालं. घराला कुलूप, रोपं आमच्याकडे, दोन बॅगा. बुधवारी मी तिला चर्चमध्ये घेऊन गेले. आत कुणी नव्हतं, फादर शिडी लावून गळक्या छपराखाली बादली ठेवत होते. फादर पस्तिशीचे, तिच्या नातवंडांत शोभतील असे. तिनं त्यांना सरळ विचारलं, "मी गेले तर हे पडेल का?"

"मेझमामा, छप्पर तुम्ही असतानाही गळतच होतं," फादर म्हणाले. तिला हसवायला म्हणाले असावेत. ती हसली नाही. तळघरात गेली, मंडळातल्या दोघींना तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं, त्यांना कपाटं उघडून कुठलं भांडं कशाला ते एकदा दाखवलं. वर आली. दाराच्या चौकटीला ओठ टेकवले आणि गाडीत येऊन बसली.

परतीच्या रस्त्यावर पाऊण तासभर ती रडली. आवाज नाही, नुसतं पाणी. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडत होते, पण मला रस्ता बघायचा होता. तिला खरंच वाटत होतं की आपण दुसऱ्यांदा चर्च पाडतो आहोत, आणि तरी ती निघाली होती. हे मला तेव्हा जेवढं कळलं त्याहून आता जास्त कळतं.

विमानतळावर तपासणीत तिची तिखटाच्या लगद्याची बाटली काढून घेतली. विमानतळाच्या चाकांच्या खुर्चीत बसूनच तिनं त्या अधिकाऱ्याला अमोत म्हटलेलं मी काचेपलीकडून ऐकलं.

चँडलरहून फोन यायचे ते सगळे जेवणाचे. आज दह्याच्या कढीचे तीन चमचे. आज काही नाही. आज अर्धं अंडं. आजार, रिपोर्ट, डॉक्टर, यातलं ती काही सांगायची नाही, कढीचे चमचे सांगायची. मी तिकडचं ऐकायची आणि तिला इकडचं सांगायची, फादरनी छपरासाठी माणूस आणला, रुसणारी बाई कुणावर रुसली. चर्च पडलं नाही. माणसं कमी झाली, आता तीसेक येतात, पण उभं आहे.

सहा महिन्यांनी किमो संपली, तरी ती परत आली नाही. अशक्तपणा आहे म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मुलगा तिला मिशिगनला घेऊन आला, नवऱ्याशेजारी पुरायला. मी साडी नेसून गेले होते, कारण तिला माझ्या साड्या आवडायच्या. प्रार्थनेनंतर खाली जेवण होतं. मी किचनमध्ये गेले, तर किमोनंतर पुन्हा उगवलेल्या आखूड केसांची एक गोरी बाई सिंकपाशी उभी राहून मोठं पातेलं घासत होती. बायकांनी तिला एक ॲप्रन दिला होता. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. कुणी ओळख करून दिली नाही, लागलीही नाही. मी फडकं घेतलं आणि ती घासेल ते पुसत गेले.

मेझमामाशी माझं शेवटचं बोलणं त्याच्या तीन आठवडे आधीचं. रविवार होता, सकाळची वेळ. एरवी या वेळी ती फोन उचलायची नाही, चुकून लागला आणि तिनं उचलला.

"आज चर्च नाही?" मी विचारलं.

"इथलं तासभर लांब आहे. मुलगा कामावर. कधी जाते, कधी नाही."

रविवार आहे आणि चर्च नाही, हे ती अगदी सहज म्हणाली. मी म्हटलं, "आपल्या चर्चची आठवण येते?"

"रोज."

"मग परत ये ना! आता तर ती बरी आहे. घर तसंच आहे, मी झाडते अधूनमधून. रविवारी मी आहेच की गाडी घेऊन," मी म्हणाले. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा.

"हळू बोल," ती म्हणाली. "सून झोपली आहे."